उतरता खांदा

"कोट चांगलाय हो, पण आरशातला माणूस वाकडा दिसतोय," हेडमास्तर म्हणाले. त्यांचा निरोपसमारंभ परवावर आला होता.

"माणूस असेल तसाच दिसणार," शिंपी म्हणाला.

"डावा खांदा काचतो, मी तिकडे झुकतो. दरवेळचंच आहे. नोकरीत चालवून घेतलं, पण परवा फोटो निघणार. उद्यापर्यंत जमत नसेल तर सांगा, तयार कोट आणतो."

कोट टेबलावर टाकून ते गेले. जुन्या गिऱ्हाइकांपैकी तेवढेच उरले होते. बाकीची मंडळी सरळ दिसायच्या हव्यासापायी केव्हाच दुसरीकडे गेली होती.

काजं करता करता मुलगी म्हणाली, "बाबा, साचा एकदा तपासा ना."

"गुरुजींचा साचा तपासू? उद्या म्हणशील, सूर्याला फूटपट्टी लावा."

ज्यावरून कोट कापायचा तो पुठ्ठ्याचा साचा शिवणकाम शिकवणाऱ्या गुरुजींनी हाती दिला, त्याला चाळीस वर्षं झाली. भिंतीवर गुरुजींचा फोटो होता, पण छातीपर्यंतचाच. त्यामुळे शिंपी रोज सकाळी चौकटीची खालची कड पाय समजून धरायचा.

"गुरुजी कोट पुतळ्यावर चढवून बघायचे?"

"पुतळा कशाला? स्वतः घालून बघायचे. त्यांच्या अंगावर कधी सुरकुती पडली नाही."

मुलगी फोटोकडे बघत राहिली, म्हणून शिंप्यानेही मान वर केली. एवढी वर्षं तो पायांच्या जागी बघत आला होता. खांदे आज दिसले. डावा उतरलेला होता. अर्धं बोट.

"बाबा, त्यांचाच..."

"बोलू नकोस."

त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि साच्याच्या डाव्या खांद्याला अर्ध्या बोटाची पट्टी चिकटवली. मग कोट उसवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आरशात ताठ उभे राहिले. "वा, आता शिकलात तुम्ही."

शिव्या खाल्ल्यासारखी शिंप्याने मान खाली घातली.

संध्याकाळी त्याने पेटीतून काळा कोट काढला. शिकणं संपलं तेव्हा गुरुजींनी स्वतः शिवून दिलेला. तेव्हा डाव्या खांद्याला फार काचायचा. गुरुजी म्हणाले होते, "असू दे, कधीतरी अंगाला येईल."

डाव्या हाताने कापड दाबून वाकण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. तो आरशासमोर उभा राहिला, एकेक बटण लावलं.

एकही सुरकुती पडली नाही.