सासऱ्याची सुई

धनुबाईने चिमणीच्या ज्योतीवर काचेची नळी धरली. निळ्या औषधात सासऱ्याची लघवी मिसळलेली होती. ती फसफसली, हिरवी झाली, पिवळी झाली आणि शेवटी विटेसारखी लाल झाली, म्हणजे साखर पार चढलेली. नळी घेऊन ती सासूपुढे उभी राहिली.

शांतीबाईने बघितलंसुद्धा नाही. ती स्वतः तापातून नुकती उठली होती, पण सुनेकडे पाठ फिरवण्याइतकी ताकद तिला केव्हाच आली होती.

सत्तावन्न सालची ती फ्लूची साथ. तापीकाठच्या त्या गावात घरोघरी अंथरुणं पडलेली. सासऱ्याला, भाईदास पाटलाला, मधुमेह. त्याला रोज इन्शुलिनची सुई टोचायचा तो त्याचा मुलगा, धनुबाईचा नवरा भिकन, आणि भिकनच आता आतल्या खोलीत तापाने बरळत होता. डॉक्टर नंदुरबारला, मधे तापीचा पूर. तापामुळे म्हाताऱ्याच्या पोटात अन्न जात नव्हतं, म्हणून शांतीबाईने सुई बंद केली होती. एकदा सुईनंतर जेवायला उशीर झाला आणि नवरा घामाघूम होऊन ओट्यावर कोसळला, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. जेवण नाही तर सुई नाही, हा तिचा सरळ हिशेब होता.

डॉक्टरांनी मात्र भिकनला बजावलं होतं, की तापात ताट बघू नका, नळी बघा, लाल तर सुई द्या. धनुबाईने ते दाराआडून ऐकलं होतं, आणि भिकनला नळी तापवताना, सुई भरताना रोज पाहिलं होतं. गुजरांच्या घरात सून सासऱ्यासमोर घुंगट वर करत नाही, त्याच्याशी बोलत नाही. अंगाला हात लावणं तर दूरच. भाईदासला त्याची काही खंत नव्हती. लग्नात व्याह्याने आपल्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं, हे तो आजतागायत विसरला नव्हता, आणि सुनेच्या माहेरच्या गावावरून ‘कोरीटवाली’ हा शब्द तो थुंकल्यासारखा उच्चारायचा. धनुबाईही काही मायेची पुतळी नव्हती. तिला तो मनापासून नकोसा होता.

पण आता त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि तोंडाला सडक्या केळ्यांचा वास येत होता. हाक मारली तर डोळे उघडत नव्हते.

तिने सुई उकळली. औषध भरून ती सासूच्या हातात दिली, म्हणजे रीतही मोडायला नको. शांतीबाईने सुई परत केली.

“उपाशी माणूसले सुई टोचशी? मारी टाकशी त्यासले.”

“नळी लाल शे, आत्या. नही टोची तरी मरतीन.”

“मरनात तं या घरमा पाय ठेवू देवाव नही तुले.”

“बरं,” धनुबाई म्हणाली आणि घुंगट तसाच ठेवून तिने सासऱ्याचा दंड चिमटीत धरला.

शांतीबाई दारातून गल्लीला ऐकू जाईल असं बोलत राहिली. धनुबाईने कान दिला नाही. चमच्या-चमच्याने पाणी पाजायचं, नळी बघायची, लाल दिसली की पुन्हा सुई, एवढंच तिने लावून धरलं. सासूचं खरं निघालं तर तिला जगात कुठेच जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याचा श्वास खाली बसला. त्याने डोळे उघडले, पाणी मागितलं, मग झाला प्रकार बायकोकडून ऐकून घेतला. शांतीबाईने काही कमी करून सांगितलं नाही. एवढ्यात धनुबाई पुढची सुई घेऊन आली. भाईदास तिच्याकडे न बघता बायकोला म्हणाला,

“तिले सांग, तिना हात मन्हा आंगले लागाले नको. भिकन उठू दे.”

भिकनला अजून उठून बसता येत नव्हतं. शांतीबाईने निरोप द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच घुंगटाआडून आवाज आला. या घरात आल्यापासून भाईदासने तो कधी ऐकला नव्हता.

“तुमी मरतात तं गाव मन्हाच नावनी बोंब मारतं. मन्हासाठे टोची ऱ्हायनू, तुमनासाठे नही. हात करा.”

शांतीबाई उठून उभीच राहिली. भाईदासने आढ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बाही वर सारली.