मधोमध काटा

सासऱ्यांनी गाडी धाकट्या जावयाला दिली, त्या दिवशी थोरला जावई घरी येऊन जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. बायकोने ताट झाकून ठेवलं. नवऱ्याचं पोट कधी बिघडतं आणि डोकं कधी, एवढं पंधरा वर्षांच्या संसारात तिला कळायला लागलं होतं.

गाडीला काही सोनं लागलं नव्हतं. चौदा वर्षांची जुनी, उजव्या दाराला पोचा आलेली. थोरल्याचं स्वतःचं गॅरेज होतं. मनात आणलं असतं तर याहून बरी गाडी त्याने दारात उभी केली असती. पण चौदा वर्षं दर रविवारी सकाळी सासऱ्यांच्या अंगणात त्या गाडीचं बॉनेट त्यानेच उघडलं होतं. तेल बघायचं, इंजिनाचा पट्टा दाबून बघायचा, थंड इंजिन चालू करून मिनिटभर नुसता कान द्यायचा. शेजारी चहाचा कप घेऊन सासरे उभे. आणि चावी द्यायची वेळ आली तेव्हा ती गेली कुणाच्या हातात? तर बॉनेट कुठून उघडतं हेही ज्याला ठाऊक नाही त्याच्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं कारण सरळ होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, स्वतः चालवणं बंद, आणि धाकटी लेक नवऱ्यासह वर्षभरापूर्वी वरच्या मजल्यावर राहायला आलेली. जो घरात आहे त्याच्याकडे चावी. पण जळणाऱ्याला सरळ कारण कधी पुरलंय?

त्यात आणखी एक सल होता. अण्णा थोरल्याला ‘मिस्त्री’ म्हणत आणि धाकट्याला ‘जावईबापू’. मिस्त्री म्हणण्यात अण्णांच्या मनात वाईट काही नसावं, पण ज्याला ऐकावं लागतं त्याला विचारा. लग्नाच्या पहिल्या महिन्यात अण्णांची आधीची गाडी बंद पडली, याने चालू करून दिली, तेव्हापासून हा मिस्त्री झाला तो झालाच. धाकटा मोजणी कार्यालयात नकाशे काढायचा. त्याचा शर्ट सकाळी जसा कडक असे तसाच संध्याकाळी. थोरल्याने बायकोपाशी त्याचं नाव ‘इस्त्री’ ठेवलं होतं. तुझ्या बापाने एका पोरीला मिस्त्री बघितला आणि दुसरीला इस्त्री, असं तो म्हणे, आणि स्वतःच हसे. बायको हसत नसे.

गाडी मिळून तीन आठवडे झाले नाहीत तोच इस्त्री गॅरेजवर हजर झाला. तक्रार अशी की काटा पडतो. वेगाच्या घड्याळाशेजारी एक लहान घड्याळ होतं, त्यावर तेलाच्या डब्याचं चित्र. त्याचा काटा सकाळी वर चढतो, गाडी तापली की खाली येतो, आणि सिग्नलला उभं राहिलं की पार तळाला टेकायला बघतो. घरात धाकटी घाबरते. म्हणून तो प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद करतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात त्याची शिकवणी घेतली. तेल किती आहे हे तो काटा सांगत नाही, त्यासाठी बॉनेट उघडून तेलात बुडलेली पट्टी बघावी लागते. तेल किती जोराने फिरतंय हे तो सांगतो. सकाळी तेल घट्ट असतं म्हणून काटा वर. तापलं की पातळ होतं, आणि उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, म्हणून खाली. ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा वर. हललाच पाहिजे. न हलणाऱ्या काट्याला भ्यावं.

इस्त्रीने हे सगळं एका छोट्या वहीत लिहून घेतलं, आभार मानले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. कार्यालयातल्या एकाच्या गाडीत काटा कायम मधोमध असतो, इकडे नाही की तिकडे नाही. तसा आपला नाही का करता येणार? भाऊ, काहीतरी करा, असं म्हणाला. थोरल्या साडूला तो भाऊ म्हणे, आणि तेही इतकं मनापासून की राग धरायला जागा सापडू नये. मिस्त्री मात्र ती शोधून काढी.

रविवारी सगळे अण्णांकडे जेवायला जमले आणि तिथेही काट्याचाच विषय निघाला. अण्णा हसत म्हणाले की चौदा वर्षं झाली, आमच्या मिस्त्रींना तो काटा काही जागेवर बसवता आला नाही. सगळे हसले. मिस्त्रीची बायकोसुद्धा हसली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो तोंडातला घास चावत राहिला.

आता कार्यालयातल्या त्या गाडीचा काटा मधोमध का असतो, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. काही गाड्यांत तो काटा नुसता दाखवायचा असतो. आत दाब मोजणारा सेन्सर नसतोच, असतो एक साधा स्विच. तेलाला जेमतेम दाब असला तरी स्विच जोडला जातो आणि वाटेत वीज अडवायला बसवलेला रेझिस्टर काट्याला बरोबर मध्यावर नेऊन थांबवतो. दाब भरपूर असो नाहीतर मरणपंथाला लागलेला असो, काटा मध्यावर. दाब साफ गेला की मगच तो खाली पडतो, आणि तोवर इंजिनाचे बारा वाजलेले असतात. मालकांना हलणारा काटा सोसत नाही, तक्रारी घेऊन येतात, म्हणून कारखानेवाल्यांनी काढलेली ही युक्ती.

काट्याने काटा काढायचा, असं मिस्त्रीने ठरवलं. इस्त्रीला गाडी ठेवून जा म्हणाला. खरा सेन्सर काढला, स्विच बसवला, तारेत रेझिस्टर टाकला. अर्ध्या तासाचं काम. सांगितलं काहीच नाही. चार-आठ दिवस त्याला फिरू द्यायचं आणि मग सगळ्यांसमोर हसून सांगायचं की बघा, साहेब इतके दिवस चित्राकडे बघून गाडी चालवत होते, असा बेत होता.

पण पुढच्या रविवारी तो अंगणात पाय टाकतो न टाकतो तोच अण्णांनी त्याचा हात धरला. “वा, जावईबापू! काटा जागेवर आणलात म्हणे.”

पंधरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो असा चपला काढता काढता मिळाला. इस्त्री मागे उभा राहून कौतुकाने सांगत होता की भाऊंनी एका दिवसात करून दाखवलं. धाकटीने भाऊजींसाठी मुद्दाम काहीतरी गोड केलं होतं. मिस्त्रीने ते खाल्लं, दुसऱ्यांदाही मागून घेतलं, आणि बेत गिळून टाकला.

त्यापुढे दर रविवारी बॉनेट उघडणं त्याने सोडलं. चावी ज्याची, कष्टही त्याचे. अण्णांनी एकदोनदा विचारलं तर म्हणाला, काटा सांगतोच आहे की. हे बोलताना त्याला आत कुठेतरी टोचलं, नाही असं नाही. पण इस्त्री गाडी पुसत असला आणि अण्णा शेजारी चहा घेऊन उभे असले, की ते टोचणं दुसऱ्याच टोचण्याखाली दबून जाई.

असे सात महिने गेले.

अण्णांचा एक डोळा फारच बिघडला, आणि डॉक्टरांनी दूरच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायला सांगितलं. पाच तासांचा रस्ता, मध्ये घाट. इस्त्रीने आठवडाभराची रजा काढली. निघायच्या सकाळी मिस्त्री आणि त्याची बायको निरोप द्यायला गेले. पिशव्या डिकीत गेल्या होत्या, धाकटी मागे बसली होती, अण्णा पुढे पट्टा लावून बसले होते. इस्त्रीने गाडी चालू केली, मागे घेतली आणि फाटकापाशी आणून दोनदा ॲक्सिलरेटर दाबला.

मिस्त्री फाटक धरून उभा होता. त्याला ऐकू आलं. वरचा टिकटिक आवाज नव्हे, तो किरकोळ असतो. हा खालून येत होता, जड, बोथट, ठक ठक ठक, आणि रेस वाढली की वाढणारा. इंजिनाच्या तळाशी क्रँकचं बेअरिंग झिजून गेलं होतं. तेलाची जाळी तुंबली असेल नाहीतर पंप झिजला असेल. तेल वरपर्यंत पोचत नव्हतं. पूर्वीचा सेन्सर असता तर चार महिन्यांपूर्वीच काटा खाली बसू लागला असता आणि एखाद्या रविवारी त्याच्या नजरेला पडला असता. तो खिडकीतून आत वाकला. काटा मधोमध होता.

हे इंजिन घाट चढायचं नव्हतं. तापेल, तेल पाण्यासारखं होईल आणि कुठल्यातरी वळणावर जाम होईल. मागून ट्रक, एका बाजूला दरी, पुढच्या सीटवर आंधळेपणाकडे निघालेला म्हातारा.

आणि तरीही मिस्त्रीच्या मनात आधी काय आलं ते सांगायलाच हवं. होऊ दे, असं आलं. गाडी ज्याला दिलीत त्याच्या हातात मरू दे, म्हणजे कळेल चावी कुणाला द्यायला हवी होती. हा विचार क्षणभरच टिकला असं म्हटलं तर ते खोटं होईल. फाटक पूर्ण उघडेपर्यंत तो टिकला.

मग त्याने हात आडवा केला. म्हणाला, ही गाडी नको, माझी व्हॅन बाहेर उभी आहे, ती घेऊन जाऊ. का, ते सांगेना. टायर जुने आहेत म्हणाला. टायर गेल्याच महिन्यात बदलले होते. मग म्हणाला, घाटात ब्रेकचा भरवसा नाही. अण्णा वैतागले. डॉक्टरची वेळ ठरली होती, आणि ऐनवेळी हे काय खूळ?

इस्त्रीने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

“आवाजामुळे म्हणताय का, भाऊ?” त्याने हळूच विचारलं. “मलाही दहा दिवस ऐकू येतोय. म्हटलं तुम्हाला सांगावं. पण मग वाटलं, भाऊंनी स्वतः बसवलेला काटा मध्ये आहे, म्हणजे माझेच कान कच्चे. उगाच तुम्हाला कशाला त्रास.”

मिस्त्रीची मान खाली गेली. इस्त्रीची बोटं काळी झाली होती; त्याने बहुधा वहीत बघून पट्टीवर तेल तपासलं होतं. ते पुरेसंच निघालं असणार.

“काटा खोटा आहे,” मिस्त्री म्हणाला. “मी खोटा केलाय. तो आता कधीच हलत नाही.”

आणि मग त्याने सगळं सांगितलं, स्विच, रेझिस्टर, सगळं. बायको त्याच्याकडे बघत राहिली. पिशवीचा बंद तिने दोन्ही हातांत धरला होता.

“कशासाठी केलंत?” अण्णांनी विचारलं.

जळत होतो म्हणून, हे खरं उत्तर होतं. ते त्याच्या ओठावर आलंही. पण त्याच्या आधी इस्त्री बोलला.

“माझ्या हट्टामुळे, अण्णा. भाऊंनी सांगितलं होतं, हललाच पाहिजे. मी लिहूनही घेतलं होतं. तरी मीच मागे लागलो की काहीही करा पण हा काटा थांबवा. मग ते काय करणार?”

त्याने ते इतक्या सहज म्हटलं, जणू दुसऱ्याच्या हातातलं ओझं आपल्या हातात घ्यावं. मग तो डिकी उघडून पिशव्या काढायला लागला.

अण्णा गाडीतून उतरले. दार चाचपत मिस्त्रीपाशी आले.

“शेवटची तीन वर्षं मला तो काटा धड दिसतच नव्हता,” ते म्हणाले. “तुम्ही रविवारी बॉनेट खाली आपटून ‘ठीक आहे’ म्हणायचात. मी त्यावर गाडी चालवायचो.”

एवढं बोलून ते व्हॅनकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

व्हॅन मिस्त्रीनेच चालवली. अण्णा आणि धाकटी मागे बसले, इस्त्री पुढे त्याच्या शेजारी. शहराबाहेरच्या शेवटच्या सिग्नलला व्हॅन थांबली. तिचा काटा खरा होता. इंजिन तापलं होतं, आणि तो सावकाश खाली उतरत तळाजवळ आला. इस्त्री त्याच्याकडे बघत होता. मिस्त्रीला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. बोलायचा त्याला हक्क होता.

“हा पडला, भाऊ,” इस्त्री म्हणाला. “ठीक आहे ना?”

“ठीक आहे.”

“बरं.” एवढं म्हणून त्याने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. घाट सुरू व्हायच्या आत त्याला गाढ झोप लागली होती.

मिस्त्रीने त्याच्याकडे दोनदा वळून पाहिलं. गाडीसाठी, चावीसाठी, एका शब्दासाठी तो या माणसावर जळला होता, पण आता जे वाटलं त्यापुढे ते सगळं काहीच नव्हतं. आज सकाळी फसवणूक कबूल केलेल्या माणसाच्या शेजारी, त्याच्याच एका शब्दावर, असं निर्धास्त झोपता येणं. हे त्याला आयुष्यात एकदाही जमलं नव्हतं. पुढे घाटाची सगळी वळणं त्याने एकट्याने, जागं राहून घेतली.