मांडाचं पहिलं आवतण

फुगडीला दोन माणसं लागतात. एकटीनं घेतली तर ती नुसती गिरकी होते. चक्कर येते, हसू येत नाही.

कोरगावच्या प्राथमिक शाळेतल्या तारा टीचरनं मधल्या सुट्टीत जनेलातून बाहेर पाहिलं, तेव्हा अंगणात मुलींच्या जोड्या भिंगऱ्यांसारख्या फिरत होत्या. चवथ नुकतीच झालेली. गणपती पाण्यात गेले, तरी फुगड्या मुलींच्या पायांतून उतरल्या नव्हत्या. आणि त्या सगळ्या घुमण्यापासून लांब, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला, तिसरीतली सायली दोन्ही हात समोर धरून, हवेतल्याच कुणाचे तरी हात पकडून एकटी फिरत होती. फिरता फिरता ती मध्येच थांबे, समोरच्या त्या नसलेल्या मैत्रिणीला काहीतरी सांगे आणि पुन्हा फिरू लागे.

त्याच दिवशी शाळा सुटताना सायलीची आई अंकिता फाटकाशी आली. फाटकाच्या आत ती कधी येत नसे. नवरा निलेश टिपरवर ड्रायव्हर, ही काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायला. दोघं दोडामार्गाकडची, शाळेच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी.

"टीचर, एक सांगूचा होता," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत सायलीक गावाक धाडतंय, आजयेकडे. थंयच्याच शाळेत घालतलंय."

"का गो? वाचते किती गोड! कविता म्हणते तेव्हा वर्ग चिडीचूप होतो."

"वाचता ता खरा." अंकितानं बोटं पदरात लपवली. काजूच्या तेलानं ती काळी पडली होती. "पण हंय तिचो हात कोण धरीत नाय. पोरी म्हणतत, तू भाड्याच्या खोलीतली, आज असस, उद्या नसस. माका तरी वाड्यात कोण वळाखता? पोर रात्री झोपेत फुगडी घालता, टीचर. माका बघवत नाय."

तारानं सायलीकडे पाहिलं. ती फाटकाच्या गजावर पाय ठेवून झोके घेत होती, आपलं नशीब शेजारीच ठरतंय याची तिला गंधवार्ता नव्हती.

"मला पुढचा शनिवार दे," तारा म्हणाली. "शनिवारनंतरही तुला धाडावीशी वाटली, तर दाखला मी स्वतः घरी आणून देईन."

तारा आमोण्याची होती, मांडवीच्या काठावर वाढलेली. भरतीच्या पाण्यात होडी सरळ घालायची नसते, जरा तिरकी घालायची, हे तिला पाटी धरायच्या आधी कळलं होतं. त्यामुळे काम अवघड दिसलं की ती घाबरत नसे, नुसती नजर तिरकी करून बघे.

पालकांना शाळेत आणायचे सरळ उपाय तिचे जूनपासून करून झाले होते. मोबाइलच्या ग्रुपवर निरोप टाकला की खाली अंगठ्यांची रांग लागायची. अंगठे यायचे, माणसं यायची नाहीत. मागच्या सभेला काही बापे आले, दारातच उभे राहिले आणि पावसाचा अंदाज सांगून गेले. आयांपैकी एकीचंही पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं नव्हतं.

"बायका शाळेत येत नाहीत, टीचर," मुख्याध्यापक गुरुदास सर चहाचा कोप खाली ठेवत म्हणाले. "देवळात येतात, बारशाला येतात, मांडावर तर धावत येतात."

"मग शाळेत का नाही?"

"तिथं त्यांना आवतण असतं. आपण नोटीस काढतो."

तारा हसली. "चला तर मग. आपणही आवतण देऊ."

रविवारी सकाळी ती परडीत कुंकवाची डबी, तेरड्याची फुलं आणि एक नारळ घेऊन निघाली. शनिवारी दुपारी शाळेच्या अंगणात आयांच्या आणि आज्यांच्या फुगड्या, असा तिचा बेत. फॅक्टरीचा टेम्पो रविवारीही लवकर येतो, म्हणून ती आधी भाड्याच्या खोल्यांकडे गेली. अंकिताच्या कपाळाला कुंकू लावलं, शेजारच्या बायकांना लावलं. त्या बिचाऱ्या दचकल्याच. आपल्या दारात कुणी कुंकू घेऊन येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. तिथून ती घर घर घेत वाड्यात, गावकऱ्यांच्या जुन्या वस्तीत, शिरली. कुणी गूळ-पाणी दिलं, कुणी भेंड्या बांधून दिल्या. परडी हलकी होण्याऐवजी जडच होत गेली. सगळ्यात शेवटी, उन्हं डोक्यावर आल्यावर, ती यशोदा काकीच्या अंगणात पोचली.

यशोदा काकीच्या अंगणातच वाड्याचा मांड होता. मांड म्हणजे बायकांच्या धालो नाचाची आणि फुगड्यांची राखलेली जागा. तिथं चपला घालून कुणी जात नाही, आणि पहिलं गाणं यशोदा काकीच्या तोंडून निघाल्याशिवाय दुसरी कुणी तोंड उघडत नाही. तिची नात गौरवी सायलीच्याच वर्गातली, मुलींची म्होरकी. ती ज्या मुलीचा हात धरी, तिचा हात सगळ्या धरत.

काकी तुळशीपाशी बसून सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "आयलंय? दमलंय असशीत. आख्खो वाडो फिरान आयलंय मगो."

"आवतण द्यायला आले, काकी."

"म्हाका खबर आसा. तुज्या पायांआधी तुजी खबर पोचली." अडकित्ता कट्कन वाजला. "मांडाचा आवतण पयला, टीचर. मांडासून सुरू जाता आणि मग वाड्यात फिरता. आज्यापणज्यांपासून ह्याच चललां. तू भाड्याच्या खोल्यांसून सुरू केलंय आणि मांड शेवटाक ठेवलंय. उरल्लो प्रसाद दितत तसो."

तारानं परडी या हातातून त्या हातात घेतली. परडीतल्या भेंड्या तिला एकाएकी फार हिरव्या वाटू लागल्या.

"आमोण्याक मांड नाय काय गो?"

"आहे, काकी."

"मग तुका कळूक जाय आशिल्ला. हांव येवची नाय. आणि हांव नाय तर बाकीच्यो खंयच्यान येतल्यो?"

कुंकवाला मात्र तिनं कपाळ पुढं केलं. कुंकू नाकारायचं नसतं. पण तेरड्याचं फूल तिनं केसांत न माळता तुळशीच्या मुळाशी ठेवलं. तारानं नमस्कार केला आणि ती बाहेर पडली.

पायवाटेनं परतताना दोन्ही बाजूंना भात पोटरीवर आलं होतं. दुसरी कुणी असती तर वाटेत रडली असती, किंवा काकीवर चिडली तरी असती. तारा चालता चालता एकच गोष्ट घोळवत होती: चूक माझी, ती तर सुधारायचीच, पण सुधारायला एकटीनं जायचं नाही. एकटीनं! ती वाटेतच थांबली. आमोण्याला तिची आई कधी आवतणाला एकटी गेली होती? कुणीच जात नसे. बरोबर सोबतीण लागे, आणि सोबतीण म्हणून नेहमी घरात नवी आलेली सून नेत. सासू पुढं, कुंकवाची डबी घेतलेली सून मागं. दार दार फिरून झालं की गावाला सून ओळखीची झालेली असे आणि सुनेला गाव. तिच्या आईलाही आमोणं असंच ओळखू लागलं होतं.

संध्याकाळी ती अंकिताच्या खोलीत जाऊन बसली.

"माका?" अंकिता उभीच राहिली. "मी थंय जाऊ? त्या काकीच्या दारात? माका भायर काढतली ती."

"कुंकू घेऊन आलेल्या बाईला कुणी बाहेर काढत नाही."

"आणि काय विचारल्यान तर?"

"तर सांग, कोण आहेस ते."

स्टोव्हवर आमटी उतू जात होती. अंकितानं ती उतरवली, कोपऱ्यात चित्र काढत बसलेल्या सायलीकडे बराच वेळ पाहिलं. चित्रात दोन मुली होत्या, हातात हात घातलेल्या. एकीला तोंड काढलं होतं, दुसरीला काढायचं राहिलं होतं.

"लुगडा खयचा नेसू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर दोघी निघाल्या, सरळ मांडाकडे. वाटेत एकही दार घेतलं नाही. चपला गडग्याबाहेर काढल्या. यशोदा काकी अंगणात तांदूळ पाखडत होती. गौरवी पायरीवर बसून पाववाल्या पोदेराकडचा गरम उंडो खात होती.

"काकी," तारा म्हणाली, "कालचं आवतण चुकलं. ते परत घ्यायला आले आणि नवं द्यायला आले. पहिलं मांडाचं. आणि ही माझी सोबतीण."

काकीनं सूप खाली ठेवलं. सोबतिणीला तिनं पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ही कोण गो?"

तारा मुद्दाम बोलली नाही. अंकितानं डबी दोन्ही हातांनी धरली. मग तिनं मान वर केली. बोलायचं म्हणून तिनं तोंड उघडलं खरं, पण बाहेर आली ती ओवी, गावाकडच्या चालीवर, आधी पुटपुटल्यासारखी आणि मग स्वच्छ:

"डोंगराच्या पलीकडे माज्या म्हायेराची वाट,
लेक माजी हंय रुजली, कोण धरीत तिचो हात?"

गौरवीचा उंडो तोंडापाशीच राहिला. यशोदा काकी जन्मभर मांडावर उभी राहिलेली बाई. तिला कुणी गाण्यात विचारावं आणि तिनं साध्या बोलण्यात उत्तर द्यावं, हे कधी घडलं नव्हतं. तिनं पदर खोचला, घसा खाकरला:

"तेरडो गो फुलता दारी, कोण पुसता त्याचा गाव?
मांडार जी येता बाये, तिका आदी सांग नाव!"

"अंकिता," अंकिता म्हणाली आणि रडता रडता हसली. "सायलीची आवय."

"चाल बरी आसा तुजी. पण शेवटाक आवाज पडता. पोटासून काड." काकीनं कपाळ पुढं केलं. अंकितानं कुंकू लावलं, तशी काकीनं तिचं मनगट पकडलं आणि काळी बोटं उजेडात धरली. "काजीचा तेल? खोबऱ्याचा तेल लावल्याबगर बियो फोडटा? पिशी काय गो तू! ह्या वयार हात असे केलंय तर फुगडेक कोण धरतलो तुका?" मग तिनं गौरवीला तेलाची वाटी आणायला धाडलं आणि ताराच्या परडीतलं तेरड्याचं फूल आपल्या केसांत माळलं. गौरवी वाटी घेऊन आली, आणि जाताना त्या काळ्या बोटांकडे वळून वळून बघत राहिली.

"आता खंय चलल्यात?" काकीनं विचारलं.

"वाड्यात. दार दार."

"रावात. हांव येतंय. नाय तर पुनः चुकशीत तू, आमोणेकारीण!"

शनिवारी दुपारी शाळेच्या अंगणात इतकी लुगडी आणि साड्या जमल्या, की गुरुदास सर बसायला मांडलेली कदेलं उचलून मागच्या व्हरांड्यात पळाले. भाड्याच्या खोल्यांतल्या बायका आधी फाटकाशी घुटमळल्या. वाड्यातल्या बायका गडग्याकडे सरकून उभ्या राहिल्या. मध्ये रिकामं अंगण. तारा दोन्हीकडे बघत होती. पण पुढं होऊन तिनं काही सांगितलं नाही. मांडाचं आवतण दिलं होतं, आता बोलायचा मान मांडाचा होता.

यशोदा काकी अंगणाच्या मधोमध आली. "आवतण पावला," ती म्हणाली. "पयली फुगडी म्हजी. आणि ती कोणावांगडा घालची ता हांव थारायतलंय." तिनं हात पुढं केले. "खंय गेली ती काजीच्या हाताची?"

अंकिता पुढं आली. हातांची कात्री झाली, पाय जुळले, दोघी मागं रेलल्या. आणि फिरल्या. आधी सावकाश, मग काकीच्या केसांतलं फूल उडून पडेपर्यंत. बिया फोडून फोडून घट्ट झालेली अंकिताची पकड. काकीला सुटता येईना, आणि थांब म्हणायची लाजही उरली नाही.

"सोड गो! म्हातारे, मेलंय!" ती ओरडली. ती कुणाला म्हातारी म्हणतेय हे कुणालाच कळलं नाही, आणि सगळं अंगण हसत सुटलं. त्या हसण्यातच वाड्यातल्या बायका आणि खोल्यांतल्या बायका कधी एकमेकींत मिसळल्या, तारालाही दिसलं नाही.

तिला दिसलं ते इतकंच. गौरवी मुलींच्या घोळक्यातून निघाली आणि गडग्याच्या कडेला गेली.

"तुजी आवय म्हज्या आजयेक घुमयता!" ती सायलीला म्हणाली, रागानं की कौतुकानं ते तिचं तिलाच ठाऊक. "तुका येता काय तितक्या जोरान?"

"येता."

"बगया तर."

सायलीनं हात पुढं केले. तिच्या हातांना सवय होती हवा धरायची. खरे हात हातांत आले, तशी ती एकदम खाली बघायला लागली, आणि गौरवीनं ओढ घेतली तेव्हा कुठं तिचे पाय हलले. मग मात्र थांबले नाहीत.

पोदेराची सायकल पों पों करत फाटकाशी आली, तरी फुगड्या चालूच होत्या. अंकिता घामाघूम होऊन जनेलाखाली येऊन टेकली. तेलानं मऊ झालेले हात तिनं पदराला पुसले नाहीत, तसेच मांडीवर ठेवले.

"शनिवार झाला," तारा म्हणाली. "दाखला आणू घरी?"

अंकितानं लेकीकडे पाहिलं. दोन वेण्या आणि दोन वेण्या, कुणाच्या कुठल्या ते कळत नव्हतं.

"दिवाळीक मी आजयेकच हंय आणतलंय, टीचर," ती म्हणाली. "माज्यापरीस बरी फुगडी घालता ती. काकीक सांगा, तयारीत रवा म्हणान."