डावी सीट

"सीटखाली बघितलंस?" नवऱ्यानं व्हीलचेअरवरून विचारलं.

"बघितलं."

"परत बघ. ब्रेक मारला की खालचं सगळं पायाशी येतं. पेडलखाली बाटली अडकली तर काय करशील?"

ती पुन्हा वाकली. आठवडाभर हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर ड्यूटीला बसून कंबरेनं आधीच असहकार पुकारला होता. सीटखालून त्याचा हरवलेला मोजा आणि एक चमचा निघाला. डिकीतून तर अख्खा संसारच बाहेर आला: चादरी, टॉवेल, लघवीचं भांडं, त्याचे जादा कपडे. सगळं दारात मांडल्यावर भंगारवाल्याची वाट बघत असल्यासारखं दिसायला लागलं.

उद्या ऑटोक्रॉस होतं. मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखतात, एकेक गाडी त्यातून जाते आणि तिला लागलेला वेळ मोजतात. कोन पाडला की वेळ वाढवून धरतात. नवरा दरवर्षी या भानगडीत असायचा. विमा कचेरीत मान खाली घालून काम करणारा हा माणूस वर्षातला तो एक दिवस ताठ मानेनं जगायचा. नंबर कधी आला नाही आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही. मग झटका आला आणि डावं अंग गेलं.

या बुटक्या गाडीत त्याला उचलून बसवणं आता तिच्या आवाक्याबाहेर चाललं होतं. पुढच्या आठवड्यात गाडी जाणार होती आणि खुर्चीसकट आत ढकलता येईल अशी व्हॅन येणार होती. "जायच्या आधी एकदा तिला पळताना बघू दे," तो म्हणाला होता. औषधपाण्यापलीकडचं असं त्यानं आजारपणात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. तिला नाही म्हणवलं नाही, आणि मग स्वतःचाच राग आला.

त्यानं तिच्याकडून टायरमध्ये हवा भरून घेतली. चाकांचे नट आवळून घेतले. एक झाला की शेजारचा नाही, समोरचा. बॅटरी हलवून बघायला लावली.

"आणि आज झोप चांगली काढ. दमलेल्या माणसाला वाट दिसत नाही."

"रात्री तुम्हाला कूस कोण बदलून देणार, शेजारी?"

तो हसला.

डाव्या सीटवर तिनं शिवलेली पट्ट्यांची उशी होती. ब्रेक लागला की तो पुढे कलंडायचा, त्याला आधार म्हणून. ती तेवढी तिनं राहू दिली. बांधलेली तर होती.

सकाळी नवऱ्याचं सगळं सामान पुन्हा बरोबर घ्यावंच लागलं; मैदानावर पोचल्यावर तिनं ते खाली उतरवून ठेवलं. गाड्या तपासणारा माणूस नवऱ्याचा जुना दोस्त निघाला. त्यानं उशी ओढून बघितली. "वहिनी, ही काढावी लागेल. गाडीत सुटं सामान चालत नाही."

"म्हणजे मीही नाही," नवरा म्हणाला.

दोस्त हसला आणि मग कुठे बघावं ते त्याला कळेना.

गाड्या सुटण्याआधी सगळे जण ती वाट पायी फिरून डोक्यात बसवतात. तिनं त्याला खुर्चीतून ढकलत नेलं. जमीन खडबडीत होती. प्रत्येक वळणावर खुर्ची एका अंगाला ओढायची आणि तिचे खांदे भरून यायचे.

"ब्रेक इथं. वळणाच्या आधी, वळणात नाही. नजर पुढच्या कोनावर. गिअर दुसराच ठेव, बदलत बसू नकोस. आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, काही झालं तरी."

"बरं."

"परत एकदा जाऊ या?"

ती खुर्ची वळवून पुन्हा सुरुवातीला घेऊन गेली.

गाडी सुटली तेव्हा तिला त्याचं एकही वाक्य आठवलं नाही. पण जिथं जिथं खुर्चीनं ओढलं होतं, तिथं तिथं हात आपसूक वळत गेले. हेल्मेटमध्ये तिला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. कोणी हाक मारत नव्हतं, कुणाचं काही करायचं राहिलं नव्हतं. तिला चक्क मजा वाटली. तिनं पाय आणखी दाबला.

शेवटच्या वळणाआधी तिनं जोरात ब्रेक मारला, आणि तिचा डावा हात स्टिअरिंग सोडून शेजारच्या सीटकडे झेपावला. तिथं कोणी नव्हतं. गाडी भरकटली, कोन चाकाखाली गेला.

ती परत आली तेव्हा नवऱ्याचे डोळे ओले होते. ते पुसायला तिनं पदर पुढे केला, तर त्यानं मान बाजूला घेतली. "असू दे. छान पळाली."

"कोन पाडला मी."

"बघितलं. डावा हात सुटला ना?"

तिनं मान हलवली.

"अगं, मी नव्हतो तिथं."

"आठवलं मला. पण नंतर."

अजून एक फेरी आहे तुमची, असं दोस्त सांगायला आला. तिनं नको म्हटलं आणि नवऱ्यानंही आग्रह केला नाही. चादरी, टॉवेल, भांडं, कपडे सगळं परत डिकीत गेलं. उशी सीटवर चढली, उशीपुढे तो. त्याला बसवता बसवता ती पार घामाघूम झाली.

मैदानाच्या फाटकाशी पुढची गाडी अचानक थांबली. तिनं ब्रेक दाबला. डावा हात नेहमीसारखा त्याच्या छातीकडे गेला, पण या वेळी त्याचा चांगला हात आधीच वाटेत होता. त्यानं तिचा हात धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला.