सवतीची पावली

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. दामाजी. कळव्याला खाडीच्या अंगाला कोळ्यांची जुनी घरं आहेत, त्यातल्या एकात मी त्याच्याबरोबर सहा वर्षं नांदले. त्या घरात आम्ही बायका दोन. एक मी, मालू. दुसरी मंजुळा, ती देव्हाऱ्यात.

मंजुळा त्याची पहिली बायको. सातवा महिना लागलेला, आणि तेजाब पिऊन गेली. जीव दिला म्हणे. का दिला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गावाला कारण लागतंय कशाला? नवऱ्याशी भांडली म्हणाले, डोक्यावर परिणाम झालेला म्हणाले. मग वर्षाच्या आत बिजवराला मला दिली. माझं पहिलं मूल पोटातच गेलं. तेव्हा माझी चुलत सासू रखमाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोटुशी गेलेली बाई पोरासाठी वखवखलेली असते. तिचा टाक कर. रोज पहिला घास तिला. नाहीतर तुझ्या मांडीवर काही राहू देणार नाही ती."

टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाई. हात जोडलेले, डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके. तो देव्हाऱ्यात बसवला आणि पुढच्या वर्षी माझी सरू झाली. सरस्वती. तेव्हापासून मंजुळेला वाढल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेतला नाही. प्रेमानं नव्हे हां, खोटं कशाला बोलू? भीतीनं. मी रोज तिच्यापुढे भात ठेवायची आणि मनात म्हणायची, बाई गं, खा आणि माझ्या पोरीवरची नजर काढ.

आता दामाजीचा धंदा सांगते. तो पूर्वी कारखान्यात साचे बनवायचा. कारखाना बंद पडला, पण हातातली कला कुठे बंद पडते? जुनी नाणी पाडायला लागला. राणीछाप रुपये, चार आण्यांच्या पावल्या, कुठल्या कुठल्या संस्थानांचे पैसे. नवी चांदी ओतायची, तेजाबात बुडवून तिचा तजेला मारायचा, खाडीच्या चिखलात आठवडाभर पुरायची, की झाली शंभर वर्षांची. विकायचा टपालानं. नाण्यांची यादी छापून गावोगावच्या शौकिनांना धाडायची, ते कार्डावर बोली लिहून पाठवणार, ठरल्या तारखेपर्यंत ज्याची बोली वरची त्याला माल रजिस्टरनं. पत्रातला लिलाव म्हणजे चोराची चांदीच की! माल कुणी हातात धरून बघत नाही, विकणाऱ्याचं तोंड कुणाला दिसत नाही. यादीत लिहायचा, 'अत्यंत दुर्मिळ, राजघराण्यातून मिळालेली'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! बोली चढेना झाली की खोट्या नावानं स्वतःच एक कार्ड टाकायचा. ती कार्डं मी लिहायची, अक्षर डावीकडे कलवून. माझं शिक्षण सातवी. अर्धं पाप माझं आहे, नाकारत नाही मी.

एकच गोष्ट मी त्याला निक्षून सांगितलेली. सरू रांगायला लागली तेव्हा म्हटलं, "तेजाब घरात नको. एक बाई गेली तेवढी पुरे." त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की ते काम आता दोस्ताच्या शेडवर करतो.

एकोणनव्वद सालची गोष्ट. सरू तेव्हा तीन वर्षांची. सकाळी भाताचा घास घेऊन देव्हाऱ्यापुढे बसले, तर टाक नाही. देव सगळे जागच्या जागी, मंजुळेची तेवढी जागा रिकामी.

"अहो, टाक कुठाय?"

"एक पावली कमी पडत होती," तो दाढी करता करता म्हणाला. "यादीत छापलेली. ठाकुर्लीच्या मास्तराची बोली आली, चांदी संपलेली. जुनी चांदी होती, सुरेख उतरली."

"अहो, तिला वितळवलीत?"

"चांदी ती चांदी, मालू. दुसरा करून देतो."

"कधी?"

"महिना झाला." खरंच, महिनाभर त्यानं तिथे पत्र्याचा एक चकचकीत तुकडा ठेवलेला आणि मी आंधळी त्यालाच भात घालत होते! आदल्या रात्री उंदरानं तो पाडला म्हणून कळलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरूनं गेले पंधरा दिवस घरातलं पाणी सोडलं होतं. शेजारी गेली की घटाघटा दोन पेले प्यायची. आमच्या घरात पेला तोंडाशी नेला की थांबायची, मडक्याकडे बघायची, आणि ओतून टाकायची. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. डॉक्टरनं एकदा सलाईन लावलं आणि म्हणाला, लाड कमी करा.

मी पोरीला जवळ घेतलं. "सरू, पाणी का गं पीत नाहीस?"

"ती नको म्हणते."

"कोण?"

"मडक्यामागे बसते ती." आणि सरूनं मान हलवून दाखवली. सावकाश, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. तीन वर्षांचं पोर अशी मान हलवत नाही. ती जाणत्या बाईची मान होती.

भर दुपार होती. मडक्यामागे कोनाडा आहे, तिथे उजेड पोचत नाही. माझी छाती झाली नाही तिथे हात घालायची. मी लांबूनच हात जोडले आणि ढसाढसा रडले. म्हटलं, झालं, पोरीला वाळवून वाळवून नेणार ही. टाक परत आणल्याशिवाय सुटका नाही.

पत्ता मीच लिहिलेला, त्यामुळे पाठ होता. दुसऱ्या दिवशी सरूला शेजारणीकडे पोटभर पाणी पाजलं, शेजारीण मासळी विकायला निघालेली म्हणून घरी दामाजीपाशी ठेवलं, आणि कानातल्या कुड्या रुमालात बांधून मी ठाकुर्ली गाठली. पैसे मागितले तर कुड्या द्यायच्या, असा हिशेब.

शिवराम मास्तर चित्रकला शिकवायचे, आता रिटायर. एकटेच राहायचे. दार त्यांनीच उघडलं. मी पावलीचं नाव काढताच त्यांनी मला बसायला सांगितलं आणि आतून डबी आणली. कापसावर पावली. राणीचं तोंड होतं त्यावर, पण मला ते राणीचं वाटेना.

"ही खोटी आहे, ताई," मास्तर म्हणाले. "पाकीट उघडल्यावर पाच मिनिटांत कळलं मला. कडेवरचे दाते हातानं पाडलेले आहेत."

"मग परत का नाही पाठवलीत?"

ते उठले आणि त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात नेलं. ओट्यावर ओळीनं बाटल्या होत्या. खोकल्याचं औषध, गोडेतेल, मध, गंगाजळाची कुपी. सगळ्या रिकाम्या, सगळ्यांची बुचं उघडी.

"ही पावली घरात आली त्या दिवसापासून हे सुरू आहे. मी दुपारी जरा पडतो. उठतो तो बाटल्या मोरीत ओतलेल्या. फुटत काही नाही, चोरीला काही जात नाही. आधी वाटलं, वयामुळे मीच विसरतो आहे. मग एक दिवस जागा राहिलो." त्यांचा आवाज बारीक झाला. "दिसलं कुणी नाही. बाटली आडवी होताना दिसली. आणि कुणीतरी घाईनं श्वास घेत होतं, धावत आल्यासारखं."

मी पदराचं टोक तोंडात कोंबलं.

"तुम्ही घाबरू नका. मीही घाबरलो होतो, आता तितका घाबरत नाही. ती काही मागत नाही हो. तिला कुणालातरी प्यायचं थांबवायचं आहे, असं मला वाटतं."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तेच खरं. इतकी वर्षं मी या बाईला नुसती भीत आले. माझी पोर मला स्वतः मान हलवून दाखवत होती, आणि मी हात जोडून रडत बसले! नको पिऊ, म्हणत होती ती. त्या कोनाड्यातलं काही पिऊ नको. मडक्यामागे बसून ती माझ्या पोरीची राखण करत होती. आणि मडक्यामागे काय ठेवलंय, ते मी बघितलंच नव्हतं.

"मास्तर, माझी पोर घरी आहे," एवढंच मी बोलले. त्यांनी डबी माझ्या हातात कोंबली. कुड्यांचा रुमाल तिथेच राहिला.

कशी परत आले ते मला विचारू नका. कळव्याला उतरून चपला हातात घेऊन धावले. घराच्या बाहेर ओट्यावर दामाजी घोरत होता. दार लोटलं तर आत धूर. पिवळट, नाकात सुईसारखा जाणारा.

मोरीत वाळ्याच्या सरबताची बाटली आडवी पडलेली. आम्ही वाळ्याचं सरबत कधी आणलं नव्हतं. मोरीची फरशी खदखदत होती, तिचा रंग उडाला होता. मडकं बाजूला सरकवलेलं, एरवी ते मला एकटीला हलत नाही. आणि सरू खाटेवर, पाय वर घेऊन भिंतीला टेकलेली. मी तिचे हात बघितले, ओठ उघडून जीभ बघितली, तळवे बघितले. कुठे एक डाग नाही.

"मला तहान लागलेली," ती म्हणाली. "मी बाटली घेतली. तिनं ओढली माझ्याकडून. म्हणाली, वर चढून बस."

मी पोरीला छातीशी धरून खाली बसले. हातातली डबी घामानं भिजली होती. मी म्हटलं, मंजुळे, बाई, माझं चुकलं. मोठ्यानं म्हटलं.

तेवढ्यात वासानं दामाजी उठून आत आला. पोरीकडे बघितलं नाही, मोरीकडे बघितलं.

"ओतलंस?" तो किंचाळला. "नवं तेजाब! सांगितलेलं कुणी शहाणपण करायला? तुमची बायकांची जातच तशी. तिचंही हेच! तेजाब दिसलं की ओत मोरीत, दिसलं की ओत मोरीत. म्हणून तर सरबताच्या बाटलीत ठेवायला लागलो, तिला कळू नये म्हणून—"

आणि थांबला.

मी सावकाश उठले.

"तिला कळू नये म्हणून," मी म्हटलं. "मग कळलं नाही तिला. तहान लागली, बाटली उघडली, सरबत म्हणून प्यायली."

"मालू, हळू."

"तिनं जीव दिला नाही."

"मुद्दाम नव्हतं गं ते. मी कुठे म्हणतोय मुद्दाम. आता उकरून काय मिळणार? घरातली गोष्ट घरात राहू दे."

मी त्याला जन्मात अरे-तुरे केलं नव्हतं. तेव्हा केलं. "मेल्या, सहा वर्षं तुला ठाऊक होतं!" म्हटलं, आणि सरूला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. माझा गळा मोठा आहे, खाडीपलीकडे ऐकू जातो. एकेकीला नावानं हाका मारल्या. बायका हातातली मासळी टाकून आल्या, हात पुसत आल्या, अंगणात गर्दी झाली. सगळ्यांच्या पुढे रखमाबाई, काठी टेकत.

"काय गं, पोर बरी ना?"

"पोर बरी आहे. मंजुळा कशी गेली, ते हा सांगतोय."

दामाजी दार लावून घ्यायला वळला. रखमाबाईनं काठी उंबरठ्यात आडवी घातली. काठी जराही हलली नाही. तिनं मला काही विचारलं नाही. धूर, बाटली, त्याचं तोंड, एवढं बघून म्हातारीला बरंचसं समजलेलं दिसलं.

"बोल, दामाजी," ती म्हणाली. "सवाष्ण बाई होती. जीव दिला म्हणून आम्ही तिची ओटी न भरता तिला नेली. बोल."