चिमणीचं निळं फूल

भट्टीतून निघालेल्या फरश्या टेबलावर मांडताना चित्रकलेच्या बाई एका फरशीपाशी थबकल्या. वर्गातल्या चिमणीच्या त्या फरशीवरचं निळं फूल सगळ्यांत देखणं दिसत होतं आणि त्याच्या प्रत्येक पाकळीला गडद कड आली होती. रंग कच्चा असताना ती दिसली नव्हती. आगीने चहाडी केली होती.

ही निळी वेलनक्षी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या भिंतींवर आहे, म्हणून दोन्हीकडच्या शाळांनी ती मिळून शिकायचं ठरवलं. पलीकडच्या मुलांनी फरशीवर देठ आणि पानं काढून पाठवायची, अलीकडच्यांनी फूल रंगवून फरशी भाजायची. नियम एकच. कुंचला टेकवायचा, दाबायचा, उचलायचा, झाली पाकळी. बरी असो, वाईट असो, तिच्यावर पुन्हा हात फिरवायचा नाही. बाईंनीच तो मुलांकडून घोकून घेतला होता.

पण फरश्या भट्टीत जायच्या आधी मोठे सर बघायला आले. चिमणीच्या फरशीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय, कोबीचा गड्डा? तिकडच्यांची पानं बघा जरा! बाई, शाळेचं नाक तुमच्या हातात आहे हो." आणि हसत निघून गेले.

बाईंनी दार लोटलं, कुंचला उचलला आणि पाकळ्या नीट केल्या. इतक्या सफाईने केल्या, की घटकाभर स्वतःचंच कौतुक वाटलं.

आता सरांनी फरश्यांचे फोटो पलीकडे पाठवलेही होते. दुपारी वर्गातल्या पडद्यावर पलीकडची मुलं दाटीवाटीने बसलेली दिसली. तिथल्या बाईंना दोन्ही भाषा येत; मुलांचं म्हणणं त्याच इकडे सांगत.

"आमची मुलं त्या गडद कड असलेल्या फुलाच्या प्रेमातच पडलीत," त्या म्हणाल्या. "एका दाबात पाकळीला अशी सावली कशी येते, विचारताहेत. सकाळपासून कागदांचा फडशा पाडलाय, पण कुणाला जमेल तर शपथ! जिने काढलंय ती दाखवेल का?"

"ऊठ की चिमणे, आता काय भाव खाशील!" मागून कुणीतरी ओरडलं.

चिमणी उठली. तिने फरशीकडे पाहिलं, मग बाईंकडे. नजरेत राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं. कोरी फरशी पुढे आली, कुंचला आला. चिमणीने हात पाठीमागे नेले.

"हात दुखतोय माझा."

"थापाडी! मधल्या सुट्टीत झाडाला लोंबकळत होतीस की!"

सगळे हसले. चिमणीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात तिने पाठीमागेच ठेवले. शिक्षकाचं पितळ पोर झाकत होतं.

"मग उद्या दाखव हं," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. "तोवर आम्ही प्रयत्न करत राहतो."

त्यांच्या मागे एक मुलगा जीभ दातांत धरून पाकळीमागून पाकळी दाबत होता. जी गोष्ट होणारच नाही, तिच्यासाठी ते लेकरू घाम गाळत होतं. आणि उद्या चिमणीला नवी थाप शोधावी लागणार होती.

"थांबवा त्यांना," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "ते फूल हिचं नाही. हिच्या फुलावर मी रंग चढवला. दोनदा हात फिरला, म्हणून कड आली. एका दाबात ती येत नाही, मलाही नाही."

पलीकडच्या बाईंनी मागे वळून ते मुलांना सांगितलं. त्या मुलाने कुंचला खाली ठेवला. वर्गाच्या दारात उभे असलेले मोठे सर विनाकारण खोकले.

शाळा सुटल्यावर चिमणी मोरीपाशी कुंचले धूत होती. बाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"चुकलं गं माझं."

चिमणीने नळ बंद केला. "बाई, माझं फूल वाईट होतं?"

"नव्हतं."

"मग कसं होतं?"

बाईंनी आठवून पाहिलं. किती पाकळ्या होत्या, त्या कुठे झुकल्या होत्या, काही म्हणता काही डोळ्यांपुढे येईना.

"मी नीट बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "कुठे चुकलंय, तेवढंच बघितलं."

"मला आठवतंय," चिमणी म्हणाली. ओले हात तिने फ्रॉकला पुसले. "पण तुम्हाला नाही सांगणार."

आणि दप्तर उचलून ती घरी गेली.