ई-क्लासवरची पाचवी सही

झुंबरबाई बकऱ्या घेऊन ई-क्लासवर गेली अन् तासाभरात परतली. गावच्या गुरांसाठी पिढ्यान् पिढ्या मोकळ्या राहिलेल्या त्या नव्वद एकरांत लोखंडी खांब रोवणं सुरू होतं. बकऱ्यांसकट ती थेट समताच्या दारात उभी राहिली.

“काऊन वं समता, तू पंचायतीची मेंबर हायेस ना? ते लोक म्हनतात, गावानंच जमीन देल्ली. सोलरची कंपनी येऊन राह्यली.”

“कोनं देल्ली? मले नाही माहीत.”

समता तशीच ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकानं फाइल काढली. ठरावाखाली सात सह्या होत्या. पाचवी तिचीच.

मार्चमध्ये सरपंच शंकरराव म्हणाले होते, “गावात सोलरचे दिवे लागनार हायेत, कर सही.” लेकीला खामगावला दवाखान्यात न्यायचं होतं, एसटी फाट्यावर उभी होती. समतानं उभ्या उभ्या सही केली होती.

दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. भाकरी करपली. नवरा देवानंद म्हणाला, “सरपंचानं फसवलं म्हनून सांग. खोटं थोडीच हाय?”

“कागद माह्या हातात होता. मले वाचता येते.”

तिनं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, ग्रामसभा बोलवायला लावली. भर सभेत उभी राहिली. “म्या न वाचता सही केली. चूक माही हाय. पन जमीन सगळ्यायची हाय.”

शंकरराव मान खाली घालून बसले. झुंबरबाई म्हणाली, “तुयी चूक, अन् उपाशी माह्या बकऱ्या.”

जुना ठराव रद्द झाला. तहसीलमधून उत्तर आलं, जमीन सरकारची, भाडेपट्टा झालेला. गावानं तीन वेळा मोर्चा नेला. अखेर नाल्याकडचे तीस एकर सुटले. बाकी साठ एकरांना तारेचं कुंपण बसलं. झुंबरबाईनं अकरापैकी सहा बकऱ्या विकल्या. समताशी बोलणंही टाकलं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी तीच पुन्हा दारात आली. “चाल. खांब सरकवले वाटते त्यायनं.”

दोघींनी नकाशा धरून पावलं मोजली. कुंपण गावाच्या तीस एकरांत वीस पावलं आत आलं होतं. समता तिथंच दगडावर बसली, तक्रार लिहायला पिशवीतून कागद काढला. झुंबरबाई बाजूला उभी राहून म्हणाली, “मोठ्यानं वाचत लिही. मले आयकू दे.”